कुलपाच्या अलीकडचं

अंबडला तहसीलच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडखाली मी अर्ज लिहायला बसतो. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. कामं मात्र तीच. वारसाची नोंद, शेतरस्त्याचा अर्ज, नावातली दुरुस्ती, शपथपत्र. लोक आम्हाला अर्जनवीस म्हणतात. शब्द निजामाच्या काळातला आहे, पण कानाला भारदस्त लागतो, म्हणून बोर्डावर मी तोच ठेवलाय.

मला एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकतो. "मला माहीत न्हाई" असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. कोणी मंठ्याचा रस्ता विचारो नाहीतर अमेरिकेचा व्याजदर, माझं उत्तर तयार असतं. आमच्या शेडसमोर चहाचं हॉटेल आहे. तिथं बाकावर बसून मी जे काही बोलतो, त्याला दलाल, कोतवाल, पक्षकार असे सगळे माना डोलावतात. माणसाला माना डोलताना बघायची एकदा चटक लागली की सुटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

या बोलण्याला दारूगोळा पुरवायचं एक मराठी मासिक. उद्योग-व्यवसायाचं, गुळगुळीत कागदाचं. बस स्टँडवरच्या स्टॉलवरून मी ते दर महिन्याला घ्यायचो. पुढं स्टॉलवाल्यानं मासिकं ठेवणं बंद केलं आणि त्या जागी मोबाइलची कव्हरं टांगली. "काका, आता समदं मोबाइलवर येतं, ॲप टाकून घ्या," असं त्यानंच मला सांगितलं आणि वर एक कव्हरही गळ्यात मारलं.

टाकलं ॲप. मुखपृष्ठ झकास दिसायचं. लेखावर बोट ठेवलं की लेख उघडायचा. पहिला परिच्छेद पूर्ण, दुसरा पूर्ण, आणि तिसऱ्याची पहिली ओळ सुरू होते न होते तोच अक्षरं फिकट होत जायची. खाली एक छोटं कुलूप आणि त्याखाली सूचना, की पूर्ण लेख वाचायला सदस्य व्हा.

सदस्य काही मी झालो नाही. वर्गणी डोंगराएवढी होती असं नाही. पण फुकट ते पौष्टिक, अशी आपली रीत. शिवाय दोन परिच्छेदांत लेखाचा अंदाज येतोच की, असं मला वाटायचं. पुढं काय, आकडे-बिकडे असणार. मग सकाळी शेडवर आलो की प्रिंटर गरम होईपर्यंत पाच-सहा लेखांचे दोन-दोन परिच्छेद वाचायचे, आणि अकराच्या चहाला हॉटेलात अख्खे लेख सांगायचे.

"काय म्हणतं आज मासिक?" हॉटेलवाला विचारायचा.

"कागदी कप," मी म्हणायचो. "घरात एक मशीन टाकायचं, कप काढायचे. बाई-माणूस बी चालवू शकतं. माल कमी पडून राह्यला बाजारात."

"मंग पुढं?"

"पुढं काय, पैसाच पैसा."

आमची बायको एकदा माझा डबा द्यायला आल्ती, तिनं हे ऐकलं. संध्याकाळी घरी म्हणाली, "अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारी माणसं ऐकून होते, आता रोज बघून राह्यले." मी हसण्यावारी नेलं. नवऱ्याचं कौतुक बायकोनं केलं तर जग बुडतं, अशी तिची समजूत आहे.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगतो, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बदनापूरकडच्या एका खेड्यात दिलेली. तिची दोन एकर मोसंबी. लग्नानंतर तिनं आणि दाजींनी मिळून कलमं लावली. एका वर्षी पाऊस असा रुसला की विहिरीत नुसते दगड दिसायचे. भोवतालच्या लोकांनी बागा तोडून सरपणाला विकल्या. या दोघांनी टँकर लावला. टँकरचं पाणी बांधावरच्या हौदात पडायचं, आणि माझी बहीण हंड्यानं एकेका झाडाच्या बुडाशी नेऊन ओतायची. मी तेव्हा भेटायला गेल्तो तर तिच्या डोक्यावरची चुंबळ बघून मलाच कसंतरी झालं. बाग वाचली. त्या पट्ट्यात वाचलेल्या दोन-तीन बागांतली ती एक.

दाजी म्हणजे तिचा नवरा, मोजका बोलणारा माणूस. चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा खर्च करणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पुतणीच्या मुलाचं बारसं होतं, त्याला दोघं आमच्याकडं आले. जेवणं झाली, पंख्याखाली पान खात बसलो. दाजी म्हणाले, "मोसंबीचं काही खरं न्हाई पाव्हणे. दर साली फळगळ. अर्धी फळं खालीच."

झालं, मला सुरसुरी आली. मोबाइल काढला. त्याच महिन्याच्या अंकावर गुलाबी रंगाचं फळ होतं, ड्रॅगन फ्रूट. मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. एका कोरड्या जिल्ह्यातला शेतकरी, जुनी फळबाग काढून त्यानं हे लावलं. काटेरी झाड, पाणी कमी, फवारणी कमी, मजूर कमी. पहिल्या वर्षीचं फळ बघायला गावोगावचे लोक आले. दुसरा परिच्छेद तर असा लिहिलेला, की ऐकणाऱ्यानं उठून खड्डे खणायला घ्यावेत. मग तिसऱ्याची ओळ फिकट झाली. मी सूर न बदलता मोबाइल खिशात टाकला.

दाजींनी विचारलं, "आणखी काय लिहिलंय त्यात?"

तेव्हा मी खरं बोललो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती. मी म्हणालो, "बस्स, एवढंच. बाकी फोटो हायेत."

"मंग तुमचं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं? काढून टाका मोसंबी. जुनं कवटाळून बसणारा मागं राहतो, दाजी."

बहीण पानाचे देठ खुडत बसली होती. मला वाटलं, तिला पटलं.

चार महिन्यांनी तिचा फोन आला. "दादा, यांनी ठरवलं. दिवाळीनंतर शेवटची फळं उतरली की मशीन बोलावून बाग काढायची. मोकळ्या रानात मंग त्या ड्रॅगनच्या झाडांना आधाराचे खांब रोवायचे." मी तिला शाबासकी दिली. हॉटेलातही सांगितलं, की आमच्या बहिणीनं माझं ऐकून नवीन काम धरलं. माना डोलल्या.

दिवाळी झाली. एका शनिवारी आमची मुलगी पुण्याहून आली. ती तिथं नोकरी करते. रविवारी सकाळी मी चहा पीत ॲप उघडून बसलो होतो, ती मागं येऊन उभी राहिली. कुलूप आलं, मी दुसरा लेख उघडला. पुन्हा कुलूप आलं, मी तिसरा उघडला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही एवढे दिवस नुसतं ताट बघून उठताय?"

मी म्हणालो, वास आला की भाजी कळते. ती पोट धरून हसली. मग माझ्या हातातून मोबाइल घेतला, तिच्या मोबाइलवरून काहीतरी केलं, आणि पाच मिनिटांत मी वर्षभराचा सदस्य झालो. दुपारच्या बसनं ती परत गेली.

जेवून मी पलंगावर आडवा झालो आणि ॲप उघडलं. कुलूप नाही! बोट सरकवावं तेवढा लेख पुढं. मला खरंच आनंद झाला. म्हटलं, मागचे सगळे अंक आता निवांत वाचून काढू. कागदी कपाचा लेख काढला. तिसरा परिच्छेद सुरू झाला तोच 'मात्र' या शब्दानं. मात्र असे कप सगळ्यांनीच काढले, मात्र कागद महागला, मात्र त्या गृहस्थांनी शेवटी मशीन विकून टाकलं. मला हसू आलं. दुधाचा लेख काढला, तिथंही तसंच. दोन परिच्छेद वाजत-गाजत, आणि मग 'मात्र'. वर्षभर मी अंबडच्या लोकांना फक्त वरातच दाखवत होतो.

हसता हसता गुलाबी फळाचा लेख समोर आला आणि मी उठून बसलो.

तिसऱ्या परिच्छेदात तोच शेतकरी होता. पहिल्या वर्षी लोक फळ बघायला आले, दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी आपापल्या रानात तेच लावलं, तिसऱ्या वर्षी बाजारात फळाला कोणी विचारेना. खांबांचा खर्च निघाला नव्हता. लेखाच्या शेवटी तो सांगतो, की ज्याच्याकडं पाण्याची सोय आहे आणि जुनी, हाताशी आलेली बाग आहे, त्यानं ती काढून याच्या नादी लागू नये. आपली जुनी बाग त्याला रोज आठवते, असंही त्यात होतं.

माझ्या पाचावर धारण बसली. मशीन सोमवारी येणार, असं बहिणीनं आधीच कळवलं होतं. म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

लगेच बहिणीला फोन लावला. माझा आवाज ऐकताच ती म्हणाली, "दादा! मी आत्ता तुलाच लावणार व्हते. उद्या येशील का? हे म्हणून राह्यले, पाव्हण्यांनीच रस्ता दाखवला, नारळ त्यांच्याच हातून फोडू. भावकीतले बी चार जण येतील."

माझ्या तोंडापर्यंत आलेले शब्द माघारी गेले. ज्या माणसाच्या हातून नारळ फोडायचा, त्यानं फोनवर काय सांगायचं? की बाई, मी वाचलंच नव्हतं? मी म्हणालो, "येतो."

बायकोनं सगळं ऐकलं होतं. लेखही तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आन् तिला सांगितलं का न्हाई?"

"उद्या समोरासमोर सांगतो. फोनवर बरं दिसत न्हाई."

"बरं न दिसायचं तुमचं, अन् बाग जायची तिची," ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली. मी मोबाइल दोनदा उचलला. दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा उचललाही नाही.

सोमवारी पहिली गाडी पकडून जालन्याला, तिथून दुसऱ्या गाडीनं बदनापूरला. गाडी स्टँडवर नको तेवढी थांबली. मी खिडकीशी बसून स्वतःला शिव्या घालत होतो. आमच्या धंद्याची एक रीत आहे. कागद कितीही लांबडा असो, तो पक्षकाराला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ऐकवायचा, आणि मगच सही नाहीतर अंगठा घ्यायचा. किती म्हाताऱ्यांना मी दरडावलंय, "घाई करू नका, पूर्ण ऐका, मागून म्हणाल आम्हाला ठाऊक न्हवतं." परक्या माणसांना एकही ओळ न गाळता वाचून ऐकवणारा मी, आणि सख्ख्या बहिणीला दोन परिच्छेदांवर बाग काढायला सांगून बसलो. ऐकून कोणी जोड्यानं मारलं असतं तरी मी बरोबरच म्हटलं असतं.

बदनापूरहून रिक्षा करून शेतावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बांधावर पिवळं मशीन उभं. ड्रायव्हर सीटवर बसून मोबाइल बघत होता. भावकीतले चार-पाच जण लिंबाच्या सावलीला. बहीण ठेवणीतलं लुगडं नेसली होती, हातात ताट, ताटात नारळ, हळदकुंकू, अगरबत्ती. एकही झाड पडलेलं नव्हतं.

"तासाच्या हिशोबानं मशीन उभं हाय," दाजी मला म्हणाले, "पण तुमची बहीण ऐकंना. दादा आल्याबिगर हात लावायचा न्हाई म्हणली."

तिनं माझ्या हातात नारळ दिला. रस्त्यानं मी भाषण तयार केलं होतं. पाणी, जमीन, बाजारपेठ, असं गोल फिरवून मुद्द्यावर यायचं. त्यातला एक शब्द आठवेना. मी नारळ परत ताटात ठेवला.

"दाजी, मशीन वापस पाठवा."

"का? मुहूर्त चुकला का काय?"

"न्हाई. मी चुकलो."

आणि मी सांगितलं. ॲप, कुलूप, दोन परिच्छेद, तिसऱ्याची फिकट ओळ, सगळं. सांगताना मी कोणाकडं बघत नव्हतो, नारळाकडं बघत होतो. भावकीतला एक जण खुसकन हसला. मी बाकावर बसून जन्मभर लोकांना हसलोय, आज माझी पाळी होती.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाव्हणे, मी विचारलं व्हतं तुम्हाला. आणखी काय लिहिलंय म्हणून."

"व्हय. विचारलं व्हतं."

"तुम्ही म्हणले, फोटो हायेत."

त्यांनी आवाज चढवला नाही, एवढंच. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

बहिणीनं ताट बांधावर ठेवलं आणि माझ्यापुढं हात केला. "दे इकडं मोबाइल."

मी लेख काढून दिला. ती तिथंच उभ्यानं वाचायला लागली. ती सातवी शिकलेली. पण माझ्यादेखत तिनं कधी काही वाचल्याचं मला आठवत नाही, कारण घरात पत्र येवो, पत्रिका येवो, वाचायचा मान माझा. ओठ हलवत, ओळीखाली बोट धरत ती वाचत होती. बोटाच्या धक्क्यानं पान पळायचं, ती पुन्हा मागं आणायची. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बराच वेळ लागला, पण तिनं एक ओळ सोडली नाही.

वाचून झाल्यावर मोबाइल माझ्या हातात दिला, पदरानं डोळे पुसले आणि ड्रायव्हरला म्हणाली, "घेऊन जा भाऊ मशीन. काही काढायचं न्हाई."

दाजींनी त्याचे पैसे दिले. कुरकूर केली नाही. मला तर वाटलं, त्यांच्याही खांद्यावरचा भार उतरला. भावकीतल्या लोकांनी नारळ तसाच फोडला, आता झाडं राहिली म्हणून, आणि खोबरं वाटलं. चेष्टा झाली, माझीच झाली, आणि ती मी मुकाट ऐकली. माझ्या मनावरचं ओझं खाली आलं होतं. बाग वाचली होती, बोलून मोकळा झालो होतो, आता दोन दिवस लोक हसतील आणि विसरतील. मी तर खोबऱ्याचा तुकडाही तोंडात टाकला.

ड्रायव्हरनं मशीन वळवायला घेतलं. पहिल्या ओळीच्या कडेनं मागं घेताना चाक चिखलात रुतलं. त्यानं दोनदा जोर लावला, चिखल उडाला, तेव्हा कुठं बाहेर निघालं. तो वैतागून ओरडला, "झाडं काढायची म्हणता, अन् रानाला पाणी कोण सोडतं हो?"

"मी बी तेच म्हणलो हिला," दाजी म्हणाले.

तेव्हा माझं खाली लक्ष गेलं. अख्खी बाग भिजलेली होती. ठिबकचं पाणी नव्हतं ते. दांडानं, म्हणजे पाटानं, मोकळं सोडलेलं, बुडं भरेपर्यंत.

"काल सोडलं," बहीण म्हणाली. "उपाशी-तहानलेलं कोणाला घराबाहेर काढू नये." मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "दादा, तू हे कधी वाचलंस?"

मला वाटलं होतं, ही गोष्ट कोणी विचारणार नाही.

"काल," मी म्हणालो. "दुपारी."

"फोन केलास त्याच्या आधी?"

"आधी."

ती जवळच्या झाडाला हात लावून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तुझा फोन ठेवला अन् मंग मी मोटर चालू केली. तू येतो म्हणलास, तवा कळलं की आता कोणी थांबवत न्हाई, झाडं जायाचीच हायेत. दिवस मावळेपर्यंत एकेका झाडापाशी थांबून मी माफी मागत व्हते, दादा, अन् तुला तवा ठाऊक व्हतं."